पुण्याचे गोपाळराव

मराठी घरात बारशाच्या दिवशी बाळाचे ठरलेले नाव कानात सांगण्याआधी एक विधी होतो. बायका बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देतात आणि देता-घेताना गोविंद आणि गोपाळ ही दोन नावे घेतात. पुढे शाळेच्या पटावर कोणतेही नाव लागो, मराठी मूल घटकाभर तरी गोपाळ झालेले असते. ज्यांच्या बाबतीत ते घटकेपुरते न राहता जन्माचे नाव झाले, अशांची संख्या एकोणिसाव्या शतकात फार मोठी होती. कृष्णभक्तीची शतकानुशतकांची परंपरा, गोकुळअष्टमीचा गोपाळकाला आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत या तिन्हींमुळे गोविंद, गोपाळ, हरी, नारायण, विष्णू, गणेश अशी मोजकीच नावे एकेका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. वंशावळीत एकाआड एक पिढीला तेच नाव सापडणे ही तेव्हाची सामान्य गोष्ट होती.

ही रीत केवळ मराठी मुलखाची नाही. इटलीतही नातवाला आजोबांचे आणि मुलाला संताचे नाव देण्याची जुनी पद्धत आहे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या इटलीच्या इतिहासात जुझेप्पे हे एकच नाव तीन मोठ्या माणसांचे होते: राष्ट्रैक्याचा विचार मांडणारे मॅझिनी, त्यासाठी तलवार हाती घेणारे गॅरिबाल्डी आणि आपल्या संगीताने तो काळ भारून टाकणारे व्हेर्दी. यांतल्या मॅझिनीचे लेखन विनायक दामोदर सावरकरांनी मराठीत आणले आणि ते पुस्तक १९०७ मध्ये पुण्यात छापले गेले. जुझेप्पे हे नाव तिकडे जितके घरोघरचे होते, तितकेच गोपाळ इकडे होते. अठराव्या शतकात थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मोहिमांत मिरजेचे गोपाळराव पटवर्धन होते. पण या नावाचा खरा काळ पेशवाई बुडाल्यानंतर आला. १८२३ मध्ये जन्मलेल्या गोपाळ हरी देशमुखांपासून १९३५ मध्ये निवर्तलेल्या गोपाळ कृष्ण देवधरांपर्यंत पुण्यातल्या समाजसुधारणेचा धागा मुख्यतः गोपाळ नावाच्या माणसांच्या हातून पुढे गेला. ही माणसे एकमेकांच्या शाळेत शिकवत होती, एकमेकांच्या वर्तमानपत्रांत लिहीत होती. त्यांचे स्वभाव मात्र एकमेकांपासून फार दूरचे होते.

पहिले गोपाळराव लोकहितवादी. त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३ रोजी पुण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळे देशमुख हे आडनाव लागले. वडील हरिपंत दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. पेशवाई १८१८ मध्ये गेली, म्हणजे गोपाळरावांचे बालपण सत्ता नुकतीच गमावलेल्या शहरात गेले. वाडे उभे होते, दक्षिणेची पंगत आठवणीत होती, आणि कालपर्यंत राज्य चालवणारा वर्ग आता इंग्रजी कचेरीत कारकुनी शोधत होता. या बदलाकडे कुढत न पाहता चौकसपणे पाहणाऱ्या पहिल्या पुणेकरांत गोपाळराव होते. ते सरकारी इंग्रजी शाळेत शिकले, भाषांतरकार म्हणून नोकरीला लागले आणि पुढे न्यायखात्यात चढत गेले.

१८४८ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे लिहायला सुरुवात केली. भाऊ महाजन या पत्राचे संपादक होते. ‘शतपत्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पत्रांची संख्या प्रत्यक्षात १०८ आहे. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुण्याच्या इतिहासात १८४८ या सालाला एवढे महत्त्व का, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते. पत्रांचा विषय एकच होता: आपण मागे का पडलो. अर्थ न कळता केलेले पाठांतर, विधवांचे हाल, मुलींचे अज्ञान, परक्या मालावर पोसलेली हौस, व्यापाराचा आळस आणि सरकारदरबारी मिळणाऱ्या भिक्षेवर जगण्याची सवय यांवर त्यांनी स्वतःच्याच ब्राह्मण ज्ञातीला उद्देशून इतके कठोर लिहिले की तीस वर्षांनंतरही विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’तून त्यावर तुटून पडावेसे वाटले. चिपळूणकरांची भाषा अधिक झळझळीत होती, यात शंका नाही. पण लोकहितवादींची वाक्ये तुटक आणि खडबडीत असली तरी त्यांना दिसलेले वास्तव अधिक खरे होते.

पत्रे लिहून ते थांबले नाहीत. पुण्यात १८४८ मध्येच सार्वजनिक ग्रंथालय उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. पेशव्यांच्या काळापासून संस्कृत पंडितांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, या १८४९ च्या मागणीतही ते होते. त्यावरून पुण्यात सनातनी खवळले, तेव्हा फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. न्यायाधीश म्हणून अहमदाबादेत असताना त्यांनी तिथल्या प्रार्थना समाजाला आणि गुजराती नियतकालिकांना हात दिला. पुढे ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद आणि रतलाम संस्थानाचे दिवाणही झाले. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विचार निर्भय आणि आचार सावध अशी टीका त्यांच्यावर झाली, ती निराधार नव्हती. सरकारी नोकरी आणि ज्ञातीचा धाक या दोन्हींत राहून त्यांनी लिहिले. त्यांच्या पत्रांतली वाक्ये जगून दाखवणारा माणूस पुढच्या पिढीत आला आणि त्याचेही नाव गोपाळच होते.

गोपाळ गणेश आगरकर १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. घरची गरिबी टोकाची होती. शिक्षणासाठी ते कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेले, नातलगांकडे पडेल ते काम करून राहिले, परत आले, आणि शेवटी अकोल्याला जाऊन १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले आणि ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लिहायची संधी मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याकडे एकच सदरा होता, तो रात्री धुवून सकाळी घालावा लागे, ही हकिकत त्यांच्या चरित्रांत सर्वत्र येते. एम.ए.च्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या कामाला देणार आहोत. ज्या घरात दोन वेळची भ्रांत होती, त्या घरात असे पत्र पाठवायला काय लागत असेल, याचा विचार केला की आगरकरांचे पुढचे सगळे वागणे समजते.

डेक्कन कॉलेजातच बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जमली. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, लवकरच आगरकर त्यात आले, आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींच्या छळाबद्दल कारभारी बर्वे यांच्यावर केलेल्या लिखाणाबद्दल १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे रूपांतरही त्याच काळातले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्गसन कॉलेज सुरू झाले.

तुरुंगात एकत्र राहिलेले दोन मित्र बाहेर आल्यावर दुरावले, ते विचारांवरून. आधी स्वराज्य की आधी सामाजिक सुधारणा, असे या वादाचे सोपे रूप पाठ्यपुस्तकांत येते. आगरकरांची भूमिका त्याहून खोल होती. ते मिल आणि स्पेन्सर वाचलेले बुद्धिवादी होते. धर्मग्रंथात सुधारणेला आधार आहे की नाही, हा प्रश्नच त्यांना गैरलागू वाटे. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर शास्त्रातून सुधारणेचे समर्थन शोधत, तर आगरकर माणसाच्या सुखदुःखाच्या कसोटीवर प्रत्येक रूढी तपासत. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या दसऱ्याला ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन आणि जातिभेद या मोठ्या विषयांबरोबर सोवळे-ओवळे, बायकांचे कपडे, प्रेतसंस्कार अशा रोजच्या गोष्टींवरही त्यांनी लिहिले. मुलींना मुलांसारखेच आणि मुलांबरोबरच शिक्षण द्यावे, हे त्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी निःसंदिग्धपणे सांगितले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी उघड पाठिंबा दिला. पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. पुढे फर्गसनचे प्राचार्य झालेल्या माणसाने आपलीच तिरडी रस्त्यावरून जाताना पाहिली, आणि पुढच्या अंकात तितक्याच निर्धाराने लेख लिहिला.

दमा त्यांना लहानपणापासून छळत होता. वामन शिवराम आपट्यांच्या मृत्यूनंतर १८९२ मध्ये ते प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, गेले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. ‘केसरी’त टिळकांनी मृत्युलेख लिहिला. मराठी गद्यात आगरकरांची वाक्यरचना लांब, पण तर्क कुठेही न सुटणारी आहे. त्यांचे निबंध शाळेत उताऱ्यांपुरते वाचले जातात, हे मराठी वाचकाचे मोठे नुकसान आहे. सलग वाचले तर त्यातले निम्मे विषय आजही निकालात निघालेले नाहीत हे दिसते.

‘सुधारक’च्या लेखकांत आणखी एक गोपाळ होते: महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीला राहिले, फुल्यांच्या विचारांनी भारले गेले, आणि ‘दीनबंधू’ व ‘सुधारक’ या पत्रांतून अस्पृश्यतेवर लिहू लागले. ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेत त्यांनी धर्माच्या ठेकेदारांना अस्पृश्यतेच्या आधाराबद्दल थेट प्रश्न विचारले. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था त्यांनी उभी केली. सैन्यभरतीची दारे महारांना बंद झाली, तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये सरकारला अर्ज लिहिला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि सवर्ण सभासदांनी त्यावर ओरड केली. १९०० मध्ये ते वारले. त्याच महाडमध्ये १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुण्यातल्या पेठांत सुधारणेचा वाद शास्त्रार्थाने चालला असताना वलंगकर स्वतःच्या वाट्याला आलेल्या जिण्याविषयी लिहीत होते. म्हणून या मालिकेत त्यांची जागा मानाची आहे.

याच वर्षांत पुण्यात वावरणारे गोपाळ विनायक जोशी यांना कोणत्याही मालिकेत बसवणे अवघड आहे. पोस्टातले कारकून, विधुर, स्वभावाने तिरसट आणि जिद्दीने विलक्षण. १८७४ मध्ये त्यांनी कल्याणच्या नऊ वर्षांच्या यमुनेशी लग्न केले ते तिला शिकवायचे या अटीवर, आणि तिचे नाव आनंदी ठेवले. बदलीच्या गावोगावी, अलिबागपासून कलकत्त्यापर्यंत, ते तिला शिकवत गेले, अभ्यास चुकला तर मारतही गेले. १८८० मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते तिकडच्या मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यांच्या आधाराने आनंदीबाई १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही ठरली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षांच्या व्हायच्या आतच त्यांचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने, त्यावरच्या नाटकाने आणि २०१९ च्या चित्रपटाने हे जोडनाव घरोघरी नेले.

पत्नीच्या मृत्यूनंतर गोपाळराव पुण्यात राहिले आणि दोन्ही पक्षांना अडचणीचे झाले. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला पुण्यातली बडी मंडळी जमली. तिथे चहा-बिस्किटे समोर आली. कोणी घेतली, कोणी नुसती स्वीकारून बाजूला ठेवली. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली. रानडे आणि टिळक दोघेही यादीत होते. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, आणि अखेर रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. बोलणे आणि वागणे यांतले अंतर उघडे करायचे, हा गोपाळरावांचा हेतू होता. तो साधला, पण त्यासाठी त्यांनी ज्यांना कात्रीत पकडले त्यांत सुधारणेसाठी आयुष्य झिजवणारी माणसे होती. आनंदीबाईंचे शिक्षण हे त्यांचे निर्विवाद श्रेय आहे, आणि त्या शिक्षणाची किंमत त्या मुलीने दिली, हेही तितकेच निर्विवाद आहे.

१८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेल्या एका गोपाळाचे नाव इतिहासात राहिले नाही, कारण बाराव्या वर्षी ते बदलले. काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळ याला महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले आणि तो बडोद्याचा सयाजीराव तिसरा झाला. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही तशी सोय नव्हती. पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात पुण्याच्या एका गोपाळरावांनी सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा हाताशी धरण्यासारखे घरचे उदाहरण बडोद्याचेच होते.

हे पुण्याचे गोपाळराव म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी ते जन्मले. वडील कागलला नोकरीला होते. ते गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले. गोविंद आणि गोपाळ ही बारशाच्या विधीतली दोन्ही नावे या एका घरात होती. १८८४ मध्ये गोखले एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक लागले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. फर्गसनमध्ये त्यांनी इंग्रजी आणि गणित शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक मुंबई इलाख्यातल्या मुलांच्या हाती अनेक वर्षे होते. आगरकरांच्या ‘सुधारक’चा इंग्रजी भाग ते सांभाळत. म्हणजे एका अंकाच्या मराठी बाजूला एक गोपाळराव आणि इंग्रजी बाजूला दुसरे. आगरकरांकडून त्यांनी मताची निष्ठा घेतली. पण त्यांची खरी घडण रानड्यांच्या हाताखाली झाली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी रानडे त्यांच्याकडून अहवाल, आकडे आणि सरकारी कागद पुन्हा पुन्हा वाचून घेत, मसुदे पुन्हा लिहून घेत.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. तिथे असताना पुण्यातल्या प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी मित्रांच्या पत्रांच्या आधारे जाहीर सांगितले. परत आल्यावर पुरावा उभा करायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली आणि हा डाग वर्षानुवर्षे उगाळला गेला. साक्षीदारांची नावे सांगून त्यांना सरकारच्या तावडीत देण्यापेक्षा त्यांनी स्वतःची नामुष्की पत्करली, ही बाजू मात्र फार कमी जणांनी पाहिली.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. ‘नामदार’ ही उपाधी त्यांच्या आडनावाला तेव्हा जी चिकटली ती कायमची. मार्च १९०२ मधल्या पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी दुष्काळ आणि प्लेगने खचलेल्या देशात सरकारी तिजोरी शिलकीत कशी, हा प्रश्न आकड्यांनिशी विचारला. शिल्लक म्हणजे जरुरीपेक्षा जास्त वसूल केलेला कर, हे त्यांनी सिद्ध केले. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ पासून टप्प्याटप्प्याने तो उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला, आणि त्यामागे दरवर्षीच्या त्यांच्या भाषणांचा रेटा होता. याच वर्षांत ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि १९०५ मध्ये बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यांची मागणी माफक होती. ज्या भागात निदान तिसरा हिस्सा मुले आधीच शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थेला सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा असावी, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. वर्षभर देशभर त्यावर मते मागवली गेली. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर काही देशी जमीनदारही होते, कारण शेतमजुराचे पोर शाळेत गेले तर शेतावर कोण राबणार. हे विधेयक म्हणजे गोखल्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम. ते हरले तरी त्यातली तत्त्वे पुढच्या दशकात प्रांतोप्रांतीच्या शिक्षण कायद्यांत आली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा केंद्राचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, म्हणजे त्यांच्या विधेयकानंतर ९९ वर्षांनी.

मोहनदास गांधी १८९६ मध्ये पुण्यात आले, तेव्हा फर्गसनमध्ये गोखल्यांना पहिल्यांदा भेटले. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला जाऊन गांधींबरोबर फिरले. गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने ते अखेरपर्यंत लोकसेवा आयोगाचे काम ओढत राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ४८ व्या वर्षी, त्यांनी पुण्यात देह ठेवला. ज्यांच्याशी जन्मभर मतभेद झाले ते टिळक स्मशानात आले आणि तिथे त्यांच्यावर बोलले.

१२ जून १९०५ रोजी फर्गसन कॉलेजच्या मागच्या टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यांच्यासह चार जणांनी देशसेवेची आणि स्वतःसाठी पैसा न मिळवण्याची शपथ घेतली. बाकीचे तिघे नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर. या चौघांत दोघांचे स्वतःचे आणि वडिलांचे नाव सारखेच होते. आडनावाशिवाय त्यांना वेगळे करता येत नव्हते. कामाने मात्र दोघे सहज ओळखता येतात. गोखले आकड्यांचे आणि सभागृहाचे, देवधर गावातल्या धुळीचे. पुण्यातच १८७१ मध्ये जन्मलेल्या देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याची सेवासदन संस्था उभी केली. विधवांना आणि परित्यक्तांना शिकवून शिक्षिका, परिचारिका आणि सुईणी म्हणून पायांवर उभे करायचे, हा तिचा उद्देश. उच्चवर्णीय घरातल्या बायका इस्पितळात रुग्णांची सेवा करतात, ही कल्पनाच पेठांना सोसवेना. सेवासदनाने ती अंगवळणी पाडली. सहकारी पतपेढ्यांच्या प्रसारासाठी देवधर महाराष्ट्रभर हिंडले. १९२१ च्या मोपला उठावानंतर होरपळलेल्या मलबारमध्ये त्यांनी मदतकार्य उभे केले. केरळातल्या तानूर इथली शाळा आजही देवधरांच्या नावाने चालते. श्रीनिवास शास्त्रींनंतर १९२७ मध्ये ते समाजाचे अध्यक्ष झाले. १९३५ च्या नोव्हेंबरात ते गेले. मराठी वाचकाला या गोपाळ कृष्णांची ओळख मल्याळी वाचकापेक्षाही कमी असावी, ही खेदाची गोष्ट आहे.

नाव पुढच्या पिढ्यांतही होते, धागा मात्र राहिला नाही. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप भोगलेले आणि २००५ मध्ये पुण्यात वारलेले गोपाळ विनायक गोडसे हेही याच नावाचे. ज्या शहरातल्या एका गोपाळरावांना गांधींनी गुरू मानले, त्याच शहरातले हे दुसरे गोपाळ. परतवाड्याला १९१६ मध्ये जन्मलेले गोपाळ नीलकंठ दांडेकर तेराव्या वर्षाच्या आसपास स्वातंत्र्यचळवळीसाठी घर सोडून निघाले, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि अखेर पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. ‘पडघवली’, ‘शितू’ आणि किल्ल्यांवरच्या लेखनाने त्यांनी मराठी वाचकाला सह्याद्री दाखवला. ‘स्मरणगाथे’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचकांनी त्यांचे नाव ‘गोनीदा’ असे केले आणि गोपाळ आद्याक्षरात मिटला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावात तो वडिलांच्या रूपाने मधल्या अक्षरात आहे. १९१७ पासून उभ्या असलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरामुळे ‘रा. गो.’ ही अक्षरे जगभरच्या संस्कृत अभ्यासकांना ठाऊक आहेत.

पुण्याच्या नकाशावर यातले काही गोपाळ सापडतात. फर्गसन रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, तोंडी मात्र तो एफ. सी. रोडच राहिला. भारत सेवक समाजाच्या आवारात १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. खेड्यांच्या पाहण्या आणि शहराच्या आर्थिक गणनेची जी पद्धत या संस्थेने बसवली, तीत गोखल्यांचा आकड्यांवरचा विश्वास थेट उतरला आहे. जवळच गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे. त्या रस्त्यावरची संशोधन संस्था आगरकरांची आहे असे अनेक पुणेकर धरून चालतात. ती आघारकर संशोधन संस्था आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव तिला १९९२ मध्ये दिले गेले.